ऑपरेशन तिचंच का?

मुलं दोन की तीन, हा वाद इंग्लंडमध्ये राहूनही चुकत नाही. सरसंघचालक मोहन भागवत यांनी ऑगस्ट 2025मध्ये प्रत्येक दांपत्याला तीन मुलं असावीत असं म्हटलं आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काका-मामा तुटून पडले. ज्यांना बाळंतपण करायचं नाही, त्यांचाच आवाज मोठा.

मला पुढचा प्रश्न जास्त खटकतो. 'आता पुरे' असं ठरलं की ऑपरेशन कुणाचं? त्यावर ग्रुपवर अवाक्षर नाही, कारण ते आधीच ठरलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली. ज्यांच्या नवऱ्याने स्वतःची करून घेतली, अशा जेमतेम 0.3 टक्के. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी तेवढी जागा बधिर करून थोड्या वेळात होते, त्याच दिवशी माणूस घरी. बाईच्या बाबतीत पोटात शिरावं लागतं. तरी सासूबाई म्हणणार, "त्याला जड कामं असतात, अशक्तपणा आला तर?" हंडे, धुणं, कडेवरचं पोर ही बहुधा हलकी कामं! सख्खी आईसुद्धा सांगते, "सिझेरियनच्या वेळीच उरकून घे." जाऊबाईंचंही तसंच झालेलं असतं.

आणीबाणीत पुरुषांवर सक्ती झाली, 1977मध्ये सत्ता गेली, आणि तेव्हापासून सरकारी मोहिमेने बायकांनाच गाठलं. घरातली भीती तिथूनही आली असेल. पण त्याला पन्नास वर्षं होत आली.

इथे माझा एक सहकारी चहा ओतता ओतता सांगतो, "शुक्रवारी नसबंदी आहे, सोमवारी घरून काम करेन." इंग्रज पुरुष फार थोर आहेत असं नाही, तो आईला विचारायला गेलेला नसतो, इतकंच. आम्हा मराठी मंडळींकडे मात्र बाळंतपणाला सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. त्यांच्यावाचून खरंच पान हलत नाही, त्यामुळे त्यांचं मतही मुक्कामाला येतं. राबतात, तर मत द्यावं की. पण भारतातसुद्धा नसबंदीच्या संमतीपत्रावर जोडीदाराची सही लागत नाही, मग सासूची कुठली?

परवा मावसभावाला सरळ विचारलं, "वहिनीऐवजी तूच का नाही करून घेत?"

त्याने फोन मावशीकडे दिला.