बांधण्याआधी काय घडलं, तेही लिहा

मानसोपचार विभागात नर्स म्हणून काम करताना रुग्णाला बांधण्याबद्दल एक वाक्य सतत कानावर पडतं, "बांधलं नसतं तर आवरलंच नसतं." असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. त्या घटकेला त्यांना खरंच दुसरं काही सुचत नसतं. पण माझं मत स्पष्ट आहे. जबरदस्ती बहुतेक वेळा त्या घटकेला ठरत नाही, ती कित्येक तास आधीच ठरून गेलेली असते.

एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नुकत्याच ॲडमिट झालेल्या एका बाईंना घरी फोन करायचा होता. सकाळी विचारलं तर "राऊंड होऊ द्या." राऊंड झाला तर "जेवणं उरकू द्या." मग शिफ्ट बदलली आणि हँडओव्हरमध्ये फोनचा विषय निघालाच नाही. मूल शेजाऱ्यांकडे ठेवून आल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी त्यांनी ताट भिरकावलं. चौघांनी धरलं, इंजेक्शन दिलं, हातपाय पलंगाला बांधले. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'रुग्ण आक्रमक, वस्तू फेकल्या.' सकाळपासून मिळालेल्या नकारांची नोंद कुठेच नाही.

बांधलेल्या माणसाला पाण्याचा घोटही मागून घ्यावा लागतो. नाक खाजलं तरी हात पोचत नाही. बराच वेळ हालचाल नसली की पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. पालथं दाबून धरल्यामुळे श्वास कोंडून माणसं दगावली आहेत. आणि ज्या बाईने आधीच कुणाचा तरी अत्याचार सोसलाय, तिला चार जणांनी धरून कपडे सरकवून इंजेक्शन देणं म्हणजे तिच्यासाठी तेच पुन्हा घडणं. अशी माणसं पुढच्या वेळी त्रास सुरू झाला की आपल्याकडे येत नाहीत, लपवतात. मग आजार हाताबाहेर गेल्यावर त्यांना धरूनच आणावं लागतं.

"बांधल्याशिवाय चालायचंच नाही" हे पावणेदोनशे वर्षांपूर्वीही म्हटलं जायचं. १८३९ मध्ये लंडनजवळच्या हॅनवेल इथल्या मनोरुग्णालयात डॉ. जॉन कोनोली रुजू झाले आणि आठशेच्या आसपास रुग्ण असलेल्या त्या संस्थेतले पट्टे-बेड्या त्यांनी काही महिन्यांत बंद केल्या. तेव्हा आजची एकही गोळी अस्तित्वात नव्हती. आज आपल्या हाताशी औषधं आहेत आणि अभ्यासही आहेत. इंग्लंडमध्ये 'सेफवॉर्ड्स' नावाची पद्धत ३१ वॉर्डांत तपासली गेली. त्यात महागडं काही नाही. वाईट बातमी नीट सांगणं, नकार द्यायचा तर कारणासकट देणं, काही भडका उडाला तर नंतर इतर रुग्णांजवळ बसून त्यांना धीर देणं, असली कामं. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. धरणं, कोंडणं, बळजबरीचं औषध असे रुग्णाला आवरायचे सगळे उपाय मिळून सुमारे २६ टक्क्यांनी कमी झाले होते.

रुग्ण बरा असताना त्याच्याशी बोलून ठेवणं हा दुसरा मार्ग. पुन्हा त्रास झाला तर कुणाला बोलवायचं, कोणतं औषध सोसत नाही, काय केलं की शांत वाटतं, हे त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं. यावरच्या सगळ्याच चाचण्यांत फरक दिसला नाही हे खरं, पण त्यांचा एकत्रित हिशोब मांडल्यावर सक्तीची भरती कमी झालेली दिसते. उलट, घरी सोडल्यावरही कायद्याने उपचारांची सक्ती ठेवायची, या उपायाची इंग्लंडमध्ये चाचणी झाली, २०१३ मध्ये ती छापून आली. वर्षभरात पुन्हा भरती होण्याचं प्रमाण त्या गटात ३६ टक्के, आणि ज्यांच्यावर ही सक्ती थोडेच दिवस होती त्यांच्यातही ३६ टक्केच. मग माणसाच्या स्वातंत्र्यावर इतका काळ टाच आणून मिळवलं काय?

"आणि कुणी जीव द्यायला निघालं तर?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. अपंग व्यक्तींच्या (त्यात दीर्घकाळ मानसिक आजार असलेलेही आले) हक्कांविषयीच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा अर्थ लावणारी संयुक्त राष्ट्रांची समिती म्हणते, सक्ती नकोच. मी तिथवर जात नाही. डोळ्यांदेखत जीव जात असेल तर मी धरीन. रात्री एकाच नर्सवर अख्खा वॉर्ड सोपवून तिला "शांतपणे समजवा" म्हणणं हाही अन्यायच आहे, मार खाणाऱ्याही आम्हीच असतो. पण धरलं तर कमीत कमी वेळ धरा. शेजारी कुणीतरी बसून राहा. शांत झाल्यावर त्या माणसाला विचारा, "आधी काय झालं होतं? आम्ही काय करायला हवं होतं?" आणि ते उत्तर त्याच केसपेपरवर लिहा.

पट्ट्याविनाही जबरदस्ती असते, तीही सांगून टाकते. "गोळी घे, नाहीतर घरी सोडणार नाही" ही धमकीच. जेवणात न सांगता गोळी मिसळणारे नातेवाईक हतबल असतात, मला त्यांची कळकळ समजते. पण एक दिवस ते कळतं, आणि मग तो माणूस औषधच काय, घरचं अन्नही संशयाने खातो.

तुमच्या कुणाला भरती करायची वेळ आली तर खर्च आणि भेटीच्या वेळा विचाराल, त्यासोबत हेही विचारा. इथे बांधतात का? कोण ठरवतं, किती वेळासाठी? त्या वेळी जवळ कोण थांबतं? घरच्यांना कधी कळवतात? फोन करू देतात का? उत्तर द्यायला कुणी कचरलं, तर सही करण्याआधी पुन्हा विचारा.