ड्रायसूटच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

बियास नदीच्या बर्फासारख्या पाण्यात, आम्ही गळ्याचं रबर बदलून दिलेल्या तुमच्या ड्रायसूटच्या (पाण्यात अंग कोरडं ठेवणाऱ्या सूटच्या) गळ्यातून पाणी शिरलं आणि ट्रिपचा विचका झाला, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

पण 'एवढ्याशा रबराला दोन दिवस घालवले आणि तरी गळालं' हे वाचून काल जेवण गेलं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सूट तुम्ही बुधवारी दुकान बंद करायच्या वेळी आणलात. गळ्याचं जुनं लेटेक्स, म्हणजे ताणलं जाणारं पातळ रबर, बोट लावलं की बोटालाच चिकटत होतं. सनस्क्रीन, ऊन आणि गाडीच्या डिकीतली उष्णता, तिन्ही लेटेक्सचे वैरी. ते रबर सोलून काढणं, खालचा जुना गम खरवडणं, स्पिरिटने कापड पुसणं, यातच रात्र झाली. गुरुवारी सकाळी गळ्यात स्टीलचा गोल डबा घातला, त्यावर एकही सुरकुती न पडू देता नवं रबर बसवलं, गम भरला, वरून पट्टी आवळली. हे काही पंक्चर काढणं नव्हे, की सोल्युशन लावलं, फुंकर मारली आणि झालं. हा गम हवेतला ओलावा घेऊन घट्ट होतो. तुम्ही म्हणालात, "सोलापूरचा मे महिना आहे, तासाभरात वाळेल." अहो सर, आपल्याकडे मे महिन्यात ऊन रग्गड, पण हवेत ओलावा कुठाय? म्हणून तर मी शेजारी ओलं फडकं टांगून ठेवतो. 24 तास हात लावायचा नाही, हे बुधवारीच सांगितलं होतं. कारागीर साक्षीला आहे.

गुरुवारी रात्रीच तुम्ही आलात, सकाळी कर्नाटक एक्सप्रेस आहे म्हणून. "उद्या दुपारपर्यंत थांबा, सूटमध्ये हवा भरून साबणाचं पाणी लावून बघतो, बुडबुडा आला तर कळेल," म्हटलं. तुम्ही डबा काढायला लावलात आणि काउंटरसमोरच डोकं घालून बघितलंत. ओला सांधा तिथंच ताणला गेला. यात दुकानाचा काय दोष?

पैशाचं म्हणाल तर हे रबर बाहेरून मागवावं लागतं. सोलापुरात चादरी-टॉवेल पाहिजे तेवढे मिळतील, ड्रायसूटचं रबर नाही मिळत. आम्ही मूळचे रेनकोट-तंबूवाले, तरी काम परत पाठवलं नाही. झिपचे दात ब्रशने साफ करून मेणही लावून दिलं, त्याचा एक रुपया घेतला नाही. ते रिव्ह्यूत कुठं दिसलं नाही. असो.

यापुढे पावतीवर सुकायचा वेळ लिहून देऊ, बाकीही काय सुधारता येईल ते बघतोय. एका ताऱ्याने आमच्यासारख्या छोट्या दुकानाचं गिऱ्हाईक तुटतं, सर, तेवढा विचार व्हावा. सूट घेऊन या, गळा परत बसवून देतो, मजुरी नको. फक्त ठेवून जावा लागेल, आणि गाडीचं तिकीट त्यानंतरचं काढा.