फ्री थ्रो हुकला म्हणजे काळीज कच्चं नव्हे

सोमवारी रात्री दादानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. वर दोन बाण, म्हणजे अर्धं बेळगाव फिरून आलेला. मजकूर थोडक्यात असा: फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारी मोकळी फेक, हा बास्केटबॉलमधला सगळ्यात सोपा शॉट, अडवायला समोर कुणी नसतं, तरी हुकतो तो खेळाडू मनानं कच्चा. पुरावा म्हणून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला जानिस आंतेतोकुंपो; एवढा धिप्पाड गडी, पण दबाव आला की हात थरथरतात. पहिला हुकला की दुसरा हुकतोच. दोन्ही हातांनी खालून टाकणं हे पोरींचं काम. आणि उपाय काय, तर प्रत्येक चुकीमागं मैदानाला एक फेरी, आणि सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत असल्याला बाकावर बसवा. खाली जोडलेले हात.

दादाला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्याची लेक नववीत आहे, शाळेच्या संघात खेळते, आणि शनिवारी शेवटचे दोन्ही थ्रो तिच्या हातून गेले, म्हणून त्यानं तो पाठवला. सकाळी पोरीचा मला फोन. "आत्ते, मला शेवटाला बसवा म्हणून मीच सांगू काय सरांना?" तिथं माझं डोकं फिरलं.

जानिसचं आधी उरकते. २०२१च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, त्याची फ्री थ्रोची टक्केवारी ५८.७ होती, वाईटच. एनबीएत थ्रोला दहा सेकंद मिळतात आणि हा बाबा चेंडू आपटत, श्वास घेत ते जवळजवळ संपवायचा, म्हणून दुसऱ्यांच्या गावात प्रेक्षक एकापासून दहापर्यंत ओरडून मोजायचे. मेसेज इथंच थांबतो. त्याच मोसमात २० जुलैला अंतिम फेरीचा सहावा सामना झाला. जानिसनं ५० गुण केले, १९ पैकी १७ फ्री थ्रो घातले, आणि त्याच्या मिलवॉकी संघाला १९७१ नंतरचं पहिलं विजेतेपद मिळालं. माणूस तोच, हात तेच. मग काळीज त्या एका रात्रीपुरतं पक्कं झालं होतं काय? कारण २०२२-२३च्या मोसमात तो परत ६४.५ टक्क्यांवर होता.

साधा हिशेब आहे. शंभरात सत्तर थ्रो घालणारा खेळाडू दोन थ्रोसाठी रेषेवर गेला, तर दोन्ही पडण्याची शक्यता ४९ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा एक तरी हुकणारच, आणि शंभरात नऊ वेळा दोन्ही. आमच्या पोरीचा शनिवार त्या नवातला. त्यात भित्रेपणा कसला शोधायचा?

'सगळ्यात सोपा' म्हणे. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, चेंडूचा साधारण २४. चेंडू ४५ अंशांत उतरला तर त्याला रिंगचं तोंड ३२ सेंटिमीटरचं मिळतं. तीस अंशांत सपाट आला तर साडेबावीस, म्हणजे चेंडूपेक्षा लहान! कडेला न घासता तो आत जाऊच शकत नाही. हात आखडला की चेंडू सपाट जातो, एवढंच होतं. त्याला औषध गुडघे वाकवून उंच टाकणं, मनाचे श्लोक नव्हेत.

आता नाइलाजानं एक कबूल करते. दबावानं फरक पडतो. झेंग काव, जोसेफ प्राइस आणि डॅनियल स्टोन यांनी एनबीएच्या २००२-०३ ते २००९-१० या आठ मोसमांतले फ्री थ्रो तपासून २०११ साली निष्कर्ष मांडले. अटीतटीच्या सामन्याच्या अखेरच्या सेकंदांत खेळाडू नेहमीपेक्षा सरासरी पाच ते दहा टक्क्यांनी कमी पडतात. मुळात ज्यांचा थ्रो कच्चा त्यांना जास्त झळ लागते, आणि जोडीतला पहिला हुकला असेल तर दुसऱ्यालाही. म्हणजे मेसेजवाल्याचा बाण चुकून एकदा झाडाला लागला. पण घसरण किती ते बघा. पंचाहत्तरचा पासष्ट-सत्तरवर येतो, शून्यावर नव्हे. गुण बरोबरीत असताना तर घसरण दिसलीच नाही. आणि घरचं मैदान की बाहेरचं, गर्दी किती, याचाही परिणाम आढळला नाही.

हे वाचून मला कॉलेजात असतानाचे धारवाडचे सामने आठवले. आमचं कॉलेजचं कोर्ट लाल मातीचं. पावसाळ्यात चेंडू चिखलानं जड व्हायचा, पोरांनी लोंबकळून रिंगची पुढची कड दोन बोटं खाली आणलेली, जाळी कधी बघितलीच नाही. धारवाडला सामन्याला गेलो की तिथल्या पोरी बाजूनं एका सुरात मोजायच्या, "ओंदु, एरडु, मूरु..." आम्हाला पाचच सेकंद मिळायचे. मी हुकले की परतीच्या बसमध्ये दोष त्या मोजणीला. खरा दोष वाकलेल्या रिंगवर बसलेल्या सवयीचा होता, सरळ रिंगवर माझे थ्रो आखूड पडायचे.

'पहिला हुकला की दुसरा हुकतोच' मधल्या त्या 'च'साठी एनबीएचा जुना गडी लॅरी बर्ड पुरे. १९८०-८२च्या दोन मोसमांत पहिला हुकल्यावर त्याचा दुसरा ९१ टक्के वेळा पडला, पहिला पडल्यावर ८८.

खालून टाकणं पोरींचं काम? तसं टाकणाऱ्या रिक बॅरीची एनबीएतली टक्केवारी ९० आहे. विल्ट चेंबरलेननं २ मार्च १९६२ला शंभर गुण केले त्या सामन्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो खालूनच घातले. पुढं लोक काय म्हणतील म्हणून सोडलं, आणि १९६७-६८ला ३८ टक्क्यांवर आला. आपलं चुकलं हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. पोरींचं काम असेल तर पोरींकडून शिका की मग.

खरा विषारी भाग उपायाचा. थ्रोची ताकद पायांतून येते. फेऱ्या मारून पाय मोडले की पुढचा थ्रो आणखी आखूड, परत फेरी. आणि रेषेवर उभी पोर रिंग बघणार की फेऱ्या मोजणार? धावायचंच तर थ्रोच्या आधी धावा, दम लागलेला असताना दोनच टाका, परत धावा. सामन्यात दोनच मिळतात, ओळीनं शंभर नाही. बाकावर बसवलं तर शेवटची दोन मिनिटं तिला कळणार कधी?

निक अँडरसनचं बघा. १९९५च्या अंतिम फेरीचा पहिला सामना, त्याचा ऑरलँडो संघ तीन गुणांनी पुढं, शेवटचे काही सेकंद, आणि त्याचे ओळीनं चार फ्री थ्रो हुकले. ह्यूस्टननं बरोबरी साधून जादा वेळेत सामना घेतला. त्या मोसमात तो सत्तर टक्क्यांचा होता. १९९६-९७ला ४०.४ टक्क्यांवर आला. थ्रो चार हुकले होते. लोकांनी ते कपाळावर गोंदले. हे एनबीएतल्या कसलेल्या गड्याचं, नववीतल्या पोरीला तर तेवढंही लागत नाही.

तिला सांगितलं, सरांना काही सांगायचं नाही, रविवारी सकाळी चेंडू घेऊन ये. आली. तीनदा आपटायचा, एक श्वास, गुडघे, उंच. वीसपैकी अकरा पडले, त्यातले चार रिंगवर नाचून. दादालाही लिहिलं, तो मेसेज पुढं पाठवू नको. त्यानं अंगठा दाखवला. संध्याकाळी तोच मेसेज खानापूरच्या मावशीकडून ग्रुपवर परत आला.