‘ओव्हरसीज’ नावाचा देश

१८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री झुरिकच्या स्विस लाइफ अरीनामध्ये झेडएससी लायन्स या आमच्या शहराच्या संघाने स्वीडनच्या फेर्येस्टाड संघाला २-१ असे हरवून चॅम्पियन्स हॉकी लीग जिंकली. रशिया वगळता युरोपातील आइस हॉकी क्लबांसाठी याहून मोठी स्पर्धा नाही. त्याच आठवड्यात अटलांटिकच्या पलीकडे मॉन्ट्रियल आणि बॉस्टन येथे ‘फोर नेशन्स फेस-ऑफ’ ही राष्ट्रीय संघांची स्पर्धा चालू होती आणि कॅनडातील मिसिसागात काढलेल्या नऊ वर्षांची सवय सुटत नसल्यामुळे मी रात्री जागून तिचे कॅनेडियन प्रक्षेपण पाहत होतो. समालोचकांच्या तोंडी एकच शब्दप्रयोग सतत येत होता, ‘बेस्ट ऑन बेस्ट’, म्हणजे जगातील सर्वोत्तमांशी सर्वोत्तमांची गाठ. प्रत्यक्षात त्या स्पर्धेत कॅनडा, अमेरिका, स्वीडन आणि फिनलंड एवढेच चार संघ होते आणि त्यांतील एकूण एक खेळाडू उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमधील, म्हणजे एनएचएलमधील होता. रशियाचा प्रश्न युद्धामुळे वेगळा; पण चेकिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनाही निमंत्रण नव्हते, त्यामुळे चेकियाचा पास्तर्न्याक आणि जर्मनीचा द्राइसाइटल यांच्यासारखे खेळाडू घरी बसून सामने पाहत होते. झुरिकमधील अंतिम सामन्याचा उल्लेख मी पाहिलेल्या प्रक्षेपणांत मला एकदाही ऐकू आला नाही.

मराठीत नुसते ‘हॉकी’ म्हटले की खडकीचा धनराज पिल्ले डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे आधीच सांगतो की ही हॉकी बर्फावरची आहे. आणखी एक गोष्टही आधीच मान्य करतो. एनएचएल ही जगातील सर्वांत दर्जेदार लीग आहे, याबद्दल युरोपातही कोणी वाद घालत नाही. माझी तक्रार त्या श्रेष्ठत्वाविषयी नाही. उत्तर अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या समालोचकांना युरोपातील व्यावसायिक हॉकी ही स्वतःचे आयुष्य असलेली गोष्ट वाटतच नाही, याविषयी ती आहे. त्यांच्या लेखी युरोप म्हणजे खेळाडू एनएचएलमध्ये येण्यापूर्वी जिथे वाढतो आणि तिथून बाहेर पडल्यावर जिथे झिजतो, अशी एक कोठी आहे.

या कोठीला त्यांच्याकडे नावही आहे, ‘ओव्हरसीज’. एखाद्या खेळाडूला संघातून डच्चू मिळाला की समालोचक म्हणतो, ‘तो ओव्हरसीज खेळायला गेला’. बर्नला गेला, हेलसिंकीला गेला की मग्नितोगोर्स्कला, हे सांगण्याची गरज त्याला भासत नाही. आमच्या आजीच्या पिढीला ‘फॉरेन’ हा एकच देश ठाऊक होता. शेजारचा मुलगा दुबईला असो वा डेट्रॉइटला, तो ‘फॉरेनला असतो’. पण आजीला त्या माहितीबद्दल कोणी पगार देत नव्हते.

या वृत्तीचा इतिहास रंजक आहे. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाचे व्यावसायिक खेळाडू पहिल्यांदाच सोव्हिएत संघाशी आठ सामन्यांच्या मालिकेत भिडले, तेव्हा कॅनडातील बहुतेक जाणकार आठही सामने आपणच जिंकणार असे सांगत होते. डिक बेडोज या टोरांटोच्या पत्रकाराने तर सोव्हिएत संघाने एक जरी सामना जिंकला तरी आपण आपला स्तंभ खाऊन दाखवू, असे लिहिले. कॅनडाने पाठवलेल्या निरीक्षकांनी मॉस्कोत जाऊन गोलरक्षक त्रेत्याकला पाहिले, त्या सामन्यात त्याच्यावर गोलांचा पाऊस पडला आणि हा पोरगा कच्चा आहे असा अहवाल आला. दुसऱ्या दिवशी त्याचे लग्न होते, ही बाब अहवालात नव्हती. २ सप्टेंबरला मॉन्ट्रियलमध्ये सोव्हिएत संघ ७-३ ने जिंकला. बेडोज यांनी शब्द पाळला आणि आपला लेख बोर्श्त नावाच्या रशियन सुपात बुडवून खाल्ला. पुढे शेवटच्या सामन्यात अवघे ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने गोल केला आणि मालिका कॅनडाने जिंकली. कॅनडाच्या स्मरणात तो गोल राहिला आणि पहिल्या रात्रीचा धडा मागे पडला, असे मला नेहमी वाटत आले आहे.

धडा कोणीच घेतला नाही असे मात्र नाही. हावी मीकर हे टोरांटो मेपल लीफ्सचे जुने खेळाडू आणि प्रशिक्षक १९७० च्या दशकात ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात विश्लेषण करीत असत. चित्रफीत थांबवून, पडद्यावर रेघोट्या ओढून, आपल्या किरट्या आवाजात ते कॅनडाला सतत बजावत राहिले की आपल्या मुलांना स्केटिंग आणि पक (चेंडूऐवजी वापरायची चकती) पास करणे नीट शिकवलेच जात नाही, आणि त्या बाबतीत सोव्हिएत खेळाडूंकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९८० नंतर त्याच ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ कार्यक्रमात डॉन चेरी आले. बॉस्टन ब्रुइन्सचे माजी प्रशिक्षक, भडक कोट, ठोसेबाजीचे कौतुक आणि युरोपियन खेळाडूंविषयी उघड तिटकारा. कॅनडाच्या दूरचित्रवाणीपुढे दोन वाटा होत्या, मीकर यांची आणि चेरींची. पुढची जवळजवळ चाळीस वर्षे, दर शनिवारी पहिल्या मध्यंतरात, लोकांनी चेरींची वाट पाहिली.

चेरींचे मासले आजही अंगावर येतात. विनिपेग जेट्सने आल्पो सुहोनेन या फिनिश प्रशिक्षकाला सहप्रशिक्षक म्हणून आणले, तेव्हा चेरींनी त्याच्या नावाची तुलना कुत्र्यांच्या खाद्याच्या एका ब्रँडशी केली. २००४ मध्ये, डोळ्यांसमोर संरक्षक काच लावणारे बहुतेक खेळाडू युरोपियन किंवा फ्रेंच असतात असे ते म्हणाले आणि वाहिनीला त्यांचा भाग सात सेकंदांच्या विलंबाने दाखवण्याची वेळ आली. २००९ मध्ये रशियाचा अलेक्झांडर ओवेच्किन गोलनंतर उड्या मारून आनंद साजरा करतो म्हणून त्यांनी फुटबॉलपटूंची दृश्ये शेजारी लावून त्याची टर उडवली आणि कॅनडातील मुलांनी असे करू नये असे बजावले. तो भाग मी मिसिसागातील भाड्याच्या घरात पाहिला आणि, खोटे कशाला बोलू, हसलोही होतो. त्याच ओवेच्किनने ६ एप्रिल २०२५ रोजी ८९५ वा गोल करून ग्रेट्स्कीचा एनएचएलमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम मोडला. चेरींची गच्छंती २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. कारण मात्र स्थलांतरितांविषयीचे वक्तव्य होते. युरोपियन खेळाडूंविषयी ते जे काही बोलले, त्यापायी त्यांची खुर्ची कधी गेली नाही.

या रागाच्या मुळाशी काय होते, हे समजून घ्यायला हवे. १९७३ मध्ये बोर्ये सॅल्मिंग स्वीडनमधून टोरांटोला आला, तेव्हा प्रतिस्पर्धी त्याला भित्रा स्वीडिश म्हणून हिणवत, काठ्यांनी झोडपत. तो एनएचएलमध्ये हजार सामने खेळणारा पहिला युरोपियन ठरला, हा पुढचा भाग. पण त्या काळात युरोपातून येणारा प्रत्येक खेळाडू सस्कॅचवन किंवा ऑन्टॅरिओमधील एखाद्या छोट्या गावातील मुलाची जागा घेत होता आणि चेरी त्या गावाची बाजू मांडत होते. भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचे राजकारण पाहत वाढलेल्या मराठी माणसाला ही भावना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ती मला समजते. फक्त ती खेळाचे विश्लेषण म्हणून विकली गेली, हे पटत नाही. ‘युरोपियन खेळाडू नाजूक असतात’ हे वाक्य अमेरिकी वाहिन्यांवरही चालत असे. २०११ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, समालोचक माइक मिलबरी यांनी व्हँकुव्हरच्या सेडिन या स्वीडिश जुळ्या भावांना एका चित्रपटातील दोन नायिकांची नावे दिली. आधीच्या वर्षी हेन्रिक आणि त्या वर्षी डॅनिएल, असे ते दोघे भाऊ पाठोपाठ लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारे खेळाडू ठरले होते.

आता असे कोणी बोलत नाही. स्टुडिओतील मंडळी सभ्य झाली आहेत आणि नावांचे उच्चारही पूर्वीपेक्षा बरे करतात. मला जास्त खुपते ते या सभ्यतेत उरलेले दुर्लक्ष, कारण शिवीला निदान उत्तर देता येते. डिसेंबरच्या अखेरीस ज्युनियर विश्वचषक सुरू झाला की कॅनडात स्वीडन आणि फिनलंडच्या मुलांचे तोंडभरून कौतुक होते. पण मुलगा पडद्यावर आला की पहिली ओळख असते ती त्याचे हक्क एनएचएलच्या कोणत्या क्लबकडे आहेत याची. ज्या क्लबने त्याला सहाव्या वर्षी बर्फावर उभे केले, त्याचे नाव नंतर, तेही आले तर. ७ सप्टेंबर २०११ रोजी रशियात यारोस्लाव्हलजवळ तिथल्या लोकोमोतिव संघाचे विमान कोसळून ४४ जण मृत्युमुखी पडले, त्या दिवशीही मी ऐकलेल्या बातम्यांत जुन्या एनएचएल संघांवरून पावोल देमित्रा सेंट लुइसचा होता आणि प्रशिक्षक ब्रॅड मॅक्रिमन कॅल्गरीचे होते. श्रद्धांजली मनापासूनची होती यात शंका नाही. पण ज्या संघाचा मोसम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता, त्या संघाविषयी एखादे वाक्य ऐकायला मी दिवसभर थांबलो होतो.

२९ सप्टेंबर २००९ रोजी झुरिकमध्ये युरोपचा क्लब विरुद्ध एनएचएलचा क्लब असा व्हिक्टोरिया कपचा सामना झाला आणि झेडएससी लायन्सने शिकागो ब्लॅकहॉक्सला २-१ असे हरवले. तेव्हा मी कॅनडात होतो. मोसमापूर्वीचा सराव सामना, प्रवासाचा थकवा, रुंद रिंक (बर्फाचे मैदान), अशी कारणे दोन मिनिटांत सांगून विषय संपवला गेला. कारणे अगदीच खोटी नव्हती. युरोपातील रिंक साधारणपणे तीस मीटर रुंद असते आणि एनएचएलची सव्वीस, त्यामुळे कोन बदलतात आणि बचावपटूंचे अंदाज चुकतात. मात्र तोच शिकागो संघ पुढच्या जूनमध्ये स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला, तेव्हा सप्टेंबरमधील त्या पराभवाची आठवण कोणाला झाल्याचे मी ऐकले नाही. उलट झाले असते, तर युरोपीय हॉकीची पातळी सिद्ध करणारा पुरावा म्हणून तो सामना वर्षानुवर्षे उगाळला गेला असता.

२०१५ मध्ये नोकरीमुळे मी झुरिकला आलो आणि तेव्हा कुठे आपण काय पाहत नव्हतो, ते मला कळले. एनएचएलमध्ये तळाला राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंच्या पुढच्या निवडीत चांगला खेळाडू मिळण्याची संधी असते, त्यामुळे मार्चनंतर त्याचे सामने म्हणजे निव्वळ औपचारिकता असते. इथे तळाचा संघ खालच्या श्रेणीत फेकला जाऊ शकतो. स्वीडनमध्ये सेडिन बंधूंना घडवणारा मोडो संघ २०१६ मध्ये खाली गेला आणि युर्गोर्डेनसारखा स्टॉकहोमचा मातब्बर संघ २०२२ मध्ये. तळाच्या दोन संघांमधील अशा सामन्याला जो ताण असतो, तो मी टोरांटोत कधीही अनुभवला नव्हता. बर्नच्या उभ्या प्रेक्षकसज्जात मी एकदा अडीच तास लोकांच्या खांद्याला खांदा लावून उभा होतो. ढोल आणि गाणी पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत थांबली नाहीत. हे सारे कॅनडातील प्रेक्षकाला दाखवले गेले तर आवडणार नाही, असे मला वाटत नाही. दावोसमध्ये १९२३ पासून नाताळानंतर भरणारा स्पेंग्लर कप कॅनडात हौसेने पाहिला जातो. पण त्यात ‘टीम कॅनडा’ खेळते, हेच त्याचे कारण आहे.

पैशाचा भाग सरळ आहे. रॉजर्स कंपनीने २०१३ मध्ये एनएचएलच्या कॅनडातील बारा वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ५.२ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजले आणि २०२५ मध्ये पुढच्या बारा वर्षांसाठी ११ अब्ज मोजण्याचा करार केला. एवढी रक्कम ओतून घेतलेल्या मालाशेजारी दुसऱ्याचा माल मांडून दाखवा, असे कोणता मालक आपल्या समालोचकाला सांगेल? आयपीएलच्या काळात इतर देशांच्या लीगविषयी आपले समालोचक ज्या सुरात बोलतात, तो आठवून पाहिला तर हा दोष कॅनडाच्या मातीचा नाही, हे ध्यानात येते.

आणि युरोपही धुतल्या तांदळासारखा नाही. इथली वृत्तपत्रे रोज सकाळी एनएचएलमधील स्विस खेळाडू रोमान योसी आणि निको हिशियर यांनी रात्री काय केले हे आधी छापतात आणि स्थानिक लीगचे निकाल नंतर. एनएचएलमध्ये जेमतेम तीस सामने खेळलेला कॅनेडियन इथे करारबद्ध झाला की मथळ्यात तो ‘एनएचएलचा तारा’ असतो. आपणच आपली ओळख दुसऱ्याच्या तराजूत तोलून सांगू लागलो, तर पलीकडच्या समालोचकाने वेगळा तराजू कुठून आणावा?

तरीही फोर नेशन्सच्या २० फेब्रुवारीच्या अंतिम सामन्याकडे मला परत यावेसे वाटते. अमेरिकेचा कर्णधार होता ऑस्टन मॅथ्यूज. ॲरिझोनात वाढलेल्या या मुलाने अठराव्या वर्षी कॅनडातील ज्युनियर लीग किंवा अमेरिकेतील कॉलेज ही मळलेली वाट सोडून झेडएससी लायन्सशी करार केला, तेव्हा पलीकडच्या स्टुडिओंत बऱ्याच भुवया उंचावल्या होत्या. २०१५-१६ चा तो मोसम मी जुन्या हॅलनश्टाडियोनमध्ये पाहिला. प्रौढ, मुरलेल्या बचावपटूंविरुद्ध त्याने ३६ सामन्यांत २४ गोल केले. प्लेऑफमध्ये मात्र आठव्या क्रमांकावरून आलेल्या बर्नने मालिकेत आमचा ४-० असा धुव्वा उडवला. पुढच्या जूनमध्ये टोरांटोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि त्याची कहाणी तिथून सुरू झाल्यासारखी सांगितली जाऊ लागली. बॉस्टनमधील त्या रात्री तो पडद्यावर पुन्हा पुन्हा दिसत होता. ज्या क्लबने त्याला व्यावसायिक खेळाडू म्हणून पहिला पगार दिला, तो क्लब दोनच दिवसांपूर्वी युरोपचा विजेता झाला होता. सामना जादा वेळेत गेला, म्हणजे बोलायला वेळही भरपूर होता. कॉनर मॅकडेव्हिडने गोल करून कॅनडाला ३-२ असे जिंकून दिले, तेव्हा झुरिकमध्ये पहाटेचे पाच वाजत आले होते. मी टीव्ही बंद केला आणि दोन तासांची झोप घेऊन ऑफिसला गेलो. ट्रॅममध्ये समोर बसलेल्या शाळकरी मुलाच्या गळ्यात झेडएससीचा निळा-पांढरा स्कार्फ होता.