कुत्र्याचा अर्थ काय? कीथ हॅरिंगवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकन चित्रकार कीथ हॅरिंगच्या शाईच्या चित्रांवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की ही चित्रं शाळकरी पोराच्या वहीतली वाटतात, बहुतेकांना त्याने नावंही दिली नाहीत, म्हणजे प्रतीकं मी पदरची घातली. प्रतिक्रिया तळमळीने लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देते.

नावांचं आधी. न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये असताना हॅरिंग चिन्हशास्त्रही, म्हणजे चिन्हांना अर्थ कसा मिळतो याचा अभ्यास, शिकला होता. शेजार बदलला की चिन्हाचा अर्थ बदलतो, हे त्याच्या चित्रांत सतत दिसतं. 1980 च्या शाईच्या चित्रांत उडती तबकडी किरण सोडते, तो ज्याच्यावर पडेल त्याच्यात शक्ती येते आणि माणसं त्याच्यापुढे हात वर करतात. शक्ती दाखवायला नुसत्या भोवतीच्या आखूड रेघा. त्याच रेघा रांगत्या बाळाभोवती आल्या की बाळ तेजाळतं. चित्राला नाव दिलं असतं तर बघणारा तिथेच थांबला असता.

आता 'पोरकट' रेघेबद्दल. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत जाहिरातींच्या रिकाम्या जागी लावलेल्या काळ्या कागदावर तो खडूने काढायचा, पोलिस यायच्या आत. तिथे खाडाखोडीला वाव नव्हता, शाईतही नसतो. सारख्या जाडीची रेघ, छायाप्रकाश नाही, माणसांना चेहरे नाहीत. त्यामुळे माणूस कोण आहे यापेक्षा त्याचं काय होतंय, हेच आधी दिसतं. पोटाला आरपार भोक पडलेला माणूस आठवा. डिसेंबर 1980 मध्ये 'बीटल्स'मधला गायक जॉन लेनन याचा खून झाला, त्यानंतर ही प्रतिमा सुचल्याचं हॅरिंगनेच सांगितलं होतं. वर्णद्वेषाविरुद्धच्या 1985 च्या पोस्टरवर काळी आकृती प्रचंड, तिच्या गळ्यातली दोरी धरणारी गोरी आकृती चिमुकली. सगळं म्हणणं त्या आकारांच्या फरकातच आहे. ही साधी रेघ साधायला किती कठीण आहे, हे कृपा करून एकदा कागदावर करून पाहा.

मला सर्वांत अस्वस्थ करतात ती 1988 ची चित्रं. मित्र एड्सने जात होते, त्याच वर्षी त्यालाही एड्स असल्याचं निदान झालं. एड्सचं प्रतीक म्हणून शिंगं असलेला शुक्रजंतू शाईत येतो तो याच वर्षी. आधी ज्या रेघेने नाचणारी, बिलगणारी शरीरं काढली, तिनेच हा सैतान काढलाय. 16 फेब्रुवारी 1990 ला तो गेला, वय 31.

ही चित्रं टी-शर्टांवर छापून विकली गेली, ही तुमची तक्रार अर्धी पटते. 1986 मध्ये त्याने 'पॉप शॉप' हे स्वतःच्या चित्रांच्या वस्तूंचं दुकान उघडलं ते चित्रं सगळ्यांना परवडावीत म्हणून, आणि ते मला योग्यच वाटतं. पण छातीवर एकटं छापलेलं बाळ शेजाराला मुकतं.

शेवटी तुम्ही विचारलंत, 'भुंकणाऱ्या कुत्र्याचा अर्थ एका वाक्यात सांगा.' एका चित्रात तो माणसांवर दरडावतो, दुसऱ्यात त्या पोटाच्या भोकातून उडी मारतो, तिसऱ्यात दोन पायांवर नाचतो. तुमच्या मनात यातला कुठला आहे ते कळवा, त्या चित्रावर जरूर बोलू.