टेम्प रिकामं केलं म्हणून कॉम्प्युटर पळत नाही

मार्च अखेर जवळ आली की सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून विश्रामबागच्या कर सल्लागारांपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: कॉम्प्युटर हँग मारतोय. नेमका तेव्हाच व्हॉट्सअॅपवर तो सल्ला पुन्हा फिरायला लागतो. शब्द बदलतात, सार तेच असतं. मशीन कचऱ्यामुळे मंद होतं, म्हणून टेम्प (तात्पुरत्या फाइलींचं) आणि प्रीफेच ही विंडोजची फोल्डर उघडून सगळं सिलेक्ट करा, शिफ्ट-डिलीट मारा. डेस्कटॉपवरच्या फाइली डी ड्राइव्हला टाका. फुकटचा क्लीनर घालून रजिस्ट्री (विंडोज आणि सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करा, दर आठवड्याला डीफ्रॅग करा, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग लावा. एवढं करूनही जमलं नाही तर बिनधास्त फॉरमॅट मारा, डी मधलं काही जात नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत, आणि घात तिथेच होतो.

पहिला मुद्दा कचऱ्याचा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर मशीन मंद होतं, हे खरं. विंडोजला अपडेटसाठी आणि रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) कमी पडल्यावर लागणाऱ्या पेजफाइलसाठी जागा हवी असते, आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) फार भरली की तिचा लिहिण्याचा वेग घसरतो. साधारण 10 ते 15 टक्के जागा मोकळी ठेवावी. पण 256 जीबीच्या ड्राइव्हवर 90 जीबी आधीच मोकळी असताना आणखी 2 जीबी रिकामी केल्याने वेगात काडीचा फरक पडत नाही.

तेव्हा पुसायला बसण्याआधी मशीन कशामुळे अडतंय ते बघा. सुरू केल्यावर पाच मिनिटं थांबा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना 100 टक्के दाखवतोय, पण प्रत्यक्ष वेग सेकंदाला दोन-तीन एमबीच आहे, असं दिसलं तर फिरत्या हार्ड डिस्कचा दम संपलाय. मेमरी 90 टक्क्यांच्या वर असेल तर रॅम अपुरी आहे. 4 जीबीवर विंडोज 10, ब्राउझरचे दहा टॅब आणि हिशोबाचं टॅली एकत्र नांदत नाहीत. परफॉर्मन्सच्या पानावर प्रोसेसरचा वेग कामाच्या वेळीही 1 गिगाहर्ट्झच्या खालीच अडकलेला दिसला, तर मशीन तापतंय किंवा लॅपटॉपला चार्जर ओळखू येत नाहीये. त्याच पानावर अप टाइम लिहिलेला असतो. रोज शटडाउन करूनही तिथे 20 दिवस दिसले तर दचकू नका. फास्ट स्टार्टअप चालू असलं की शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो. खरी नवी सुरुवात होते ती रीस्टार्टने. कित्येक ‘बिघाड’ एवढ्यानेच मिटतात.

आता टेम्प. ते रिकामं करणं बहुतेक वेळा निर्धोक आहे, पण शिफ्ट-डिलीटने नाही. ईमेलवर आलेली झिप फाइल उघडून, ती बाहेर न काढता, आतल्या आतच एक्सेल उघडली आणि तासभर आकडे भरून सेव्ह केलं, तर ते काम बऱ्याचदा टेम्पमध्ये पडलेलं असतं. झिपमधल्या मूळ फाइलला त्याचा पत्ता नसतो. साध्या डिलीटने ती फाइल रीसायकल बिनमध्ये तरी सापडते. शिफ्टसह पुसली, आणि ड्राइव्ह एसएसडी असेल, तर ट्रिम नावाची सोय तो भाग लगेच मोकळा करते. मग रिकव्हरी सॉफ्टवेअरच्या हाती सहसा काही लागत नाही. म्हणून हाताने पुसण्यापेक्षा सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स असं जा आणि यादी वाचून खुणा करा. त्या यादीत डाउनलोड्सही असतं. तिथे खूण करू नका. चलनं, बँकेचे उतारे, डाउनलोड केलेले सातबारा तिथेच लोळत असतात, कारण ‘नंतर नीट ठेवू’ म्हटलेल्या सगळ्या गोष्टींचा मुक्काम तिथेच असतो. विंडोज 10 च्या 2018 मधल्या एका आवृत्तीत तर जुन्या डिस्क क्लीनअपच्या यादीतही डाउनलोड्स येऊन बसलं होतं. पुढे 2020 मध्ये ते काढलं.

प्रीफेचला हात लावायचं कारणच नाही. कुठला प्रोग्राम उघडताना काय काय लागतं, याच्या त्या नोंदी आहेत. पुसल्या तर पुढच्या वेळी प्रोग्राम उलट सावकाश उघडतात, आणि वाचते ती जेमतेम काही एमबी जागा.

फाइली डी ला टाकण्याचा सल्ला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात फसवा. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा. सी आणि डी एकाच ओळीत, डिस्क 0 समोर दिसत असतील, तर ते एकाच डिस्कचे पाडलेले दोन वाटे आहेत. डिस्क गेली की दोन्ही जातात. सी भरला असेल तर जागा होते एवढंच. वेगही वाढत नाही आणि बॅकअपही होत नाही. शिवाय डेस्कटॉप वनड्राइव्हला (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीला) जोडलेला असेल, म्हणजे फाइलींवर ढग किंवा हिरवी खूण दिसत असेल, तर तिथून हलवलेली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही नाहीशी होते. थेट पुसलेली असेल तर घरगुती खात्यात वनड्राइव्हच्या रीसायकल बिनमध्ये ती 30 दिवस सापडते.

टॅलीचा घोळ तर वेगळाच. तिथे कंपनीचा हिशोब नावाने साठत नाही, आकड्याने साठतो. डेटा फोल्डरच्या आत 10000, 10001 असे फोल्डर असतात. साफसफाईच्या भरात हे बिननावाचे फोल्डर कचरा वाटतात आणि उडवले जातात, किंवा डी ला जातात आणि टॅली उघडल्यावर कंपनीच दिसत नाही. मग घाबरून कोणीतरी त्याच नावाची नवी कंपनी काढतं आणि दोन हिशोब सुरू होतात. आधी टॅलीच्या कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पाथ वाचा, तो कागदावर लिहा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट-वाय दाबून, जुन्या ईआरपी 9 मध्ये ऑल्ट-एफ 3 दाबून बॅकअप घ्या, तोही बाहेरच्या डिस्कवर. मग तो बॅकअप एका नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये रीस्टोअर करून ताळेबंद जुळतो का बघा. चालू डेटाच्या फोल्डरवरच रीस्टोअर केलं तर चालू हिशोबावर जुना बसतो.

रजिस्ट्री क्लीनरबद्दल थोडक्यात: नोंदी शेकड्याने काढल्या तरी वेग वाढत नाही, आणि चुकीची एक नोंद निघाली तरी एखादं सॉफ्टवेअर बंद पडतं. असले क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही. शिवाय फुकटचं साधन स्वच्छच असेल असं नाही. 2017 मध्ये सीक्लीनरच्या 5.33 या आवृत्तीत घुसखोरांनी व्हायरस पेरला होता, आणि तो कंपनीच्या अधिकृत डाउनलोडमधूनच लोकांपर्यंत पोचला.

डीफ्रॅग एसएसडीला लागत नाही. विंडोज तिच्यासाठी आपणहून ट्रिम चालवतं. फिरत्या डिस्कलाही ते नेमून दिलेल्या वेळी आपोआप होतं. पण खरी भीती वेगळी आहे. मंद झालेली डिस्क कधी कधी मरायला टेकलेली असते. एकाच फाइलवर कॉपी अडकते, फोल्डर उघडायला मिनिट लागतं, कान लावला तर टकटक ऐकू येते. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं साधन चालवलं की पिवळा इशारा दिसतो, आणि रीअलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब किंवा संशयित भाग) यांच्यासमोरचा आकडा शून्य नसतो. अशा डिस्कवर डीफ्रॅग म्हणजे आजारी माणसाला जिना चढायला लावणं. चेक डिस्क हे चुका तपासून दुरुस्त करणारं विंडोजचं साधनही नको. आधी लहान आणि महत्त्वाचं बाहेर काढा: टॅली, एक्सेल, दस्तांचे स्कॅन. लग्नाचे व्हिडिओ शेवटी. व्हॉट्सअॅपवरच्या त्या संदेशात पुसणं पहिलं आहे आणि डेटा वाचवणं कुठेच नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी चूक.

राहिला फॉरमॅट. डी मधलं जात नाही, हे फक्त सी फॉरमॅट केला तरच खरं. इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशन्स (डिस्कचे वाटे) उडवणारे हात कमी नाहीत. आणि सी मध्ये काय काय होतं, हे फॉरमॅट झाल्यावरच आठवतं. गणपती पेठेतल्या डीटीपीवाल्यांना विचारा: श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेली जुनी पत्रिका नव्या विंडोजवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात, कारण तो फॉन्ट गेलेला असतो. फाइल शाबूत असते, वाचता येत नाही. ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकचे मेल साठवणारी पीएसटी फाइल, प्रिंटरचे ड्रायव्हर ही यादी लांबते. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये सुरक्षित राहते, पण तिचं सॉफ्टवेअर परत घालावं लागतं. टॅलीचा परवाना फॉरमॅटआधी सरेंडर करावा. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की आधीच काढून ठेवा. ती नसेल तर मालकालाही कुलूप उघडत नाही.

वेग खरोखर वाढवायचा तर फिरती डिस्क काढून एसएसडी घालणं, या उपायाचा फरक सगळ्यात ठळक दिसतो. जुन्या लॅपटॉपची डिस्क सेकंदाला 100 एमबीच्या आसपास वाचते, साटा जोडणीची एसएसडी 500 च्या आसपास. पण त्याहून मोठा फरक पडतो तो विखुरलेल्या हजारो लहान फाइली उचलण्यात. जुनी डिस्क ठणठणीत असेल तर यूएसबी ते साटा केबलने एसएसडीवर क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, करता येते. सॉफ्टवेअर परत घालावं लागत नाही, फॉन्टही आहेत तसे येतात. रॅम घेताना आधीची डीडीआर 3 आहे, तिचीच कमी व्होल्टची डीडीआर 3 एल, की डीडीआर 4, हे बघूनच घ्या.

यार्डात, खास करून हळदीच्या हंगामात, पंख्याच्या पात्यांवर पिवळा थर बसतो आणि प्रोसेसर तापून आपला वेग स्वतःच कमी करतो. वीज काढून, पातं बोटाने धरून ब्लोअर मारा. पंखा मोकळा गरगर फिरू दिला तर बेअरिंग जाऊ शकतं.

क्लोन झाल्यावर काढलेली जुनी डिस्क लगेच पुसू नका. तिच्यावर तारीख लिहून दुकानाच्या गल्ल्यात नाही, घरी ठेवा. 2019 आणि 2021 च्या पुरात मारुती चौकात पाणी आलं तेव्हा ज्यांचा कॉम्प्युटर आणि बॅकअप एकाच टेबलाच्या खणात होते, त्यांचं दोन्ही भिजायची वेळ आली. यंदाचं विवरणपत्र भरून पावती हातात येईपर्यंत तरी ती डिस्क तशीच राहू द्या.