बाक गोठ्यात, समिती बिनविरोध

शाळेच्या फलकावर खडूने दोन ओळी लिहिल्या होत्या: सोमवारी अकराला पालक सभा, शाळा व्यवस्थापन समितीची नवीन निवड. त्या ओळींवरून काल संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर जे पेटलं, ते लिहून ठेवावंसं वाटलं. माझी पोरगी त्याच शाळेत तिसरीत आहे, त्यामुळे मी कोणाच्या बाजूचा हे लपवत नाही.

कट्टा म्हणजे तालमीसमोरचा पिंपळाचा पार. पलीकडे आक्काची चहाची गाडी. गेली दोन वर्षं आक्का समितीवर होती, तिची धाकटी सहावीत आहे. पारावर बापू, निवृत्त गुरुजी, कायम मोबाईलमध्ये तोंड घातलेला संभा, आणि आमचे सभापती. सभापती हे नुसतं नाव. ग्रामपंचायतीला दोनदा उभे राहून दोनदा पडले, तेव्हापासून गाव त्यांना सभापती म्हणतं आणि ते ओ देतात.

सभापतींनी खिशातून घडीचा कागद काढला. "हे बघा, गावात एकी पाहिजे. शाळेत राजकारण नको. म्हणून मी नऊ पालकांची नावं काढलीत. सोमवारी गेलं, टाळ्या वाजवल्या, बिनविरोध, चहा घेतला, घरला आलं. अध्यक्ष आमची भावजय."

"वहिनींनी शाळा कुठल्या तोंडाची हाय ते तरी बघितलंय का?" संभा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला.

"तुला काय करायचंय रे? तुझं अजून लग्न न्हाई!"

इथं दहा मिनिटं संभाच्या लग्नात गेली. गडहिंग्लजचं स्थळ का मोडलं, मुलीच्या बापाने तालमीत येऊन कोणाला काय विचारलं आणि बापूने त्याला काय सांगितलं, हे सगळं परत निघालं. संभा बापूवर अजून खार खाऊन आहे. ते मिटल्यावर आक्काने स्टोव्ह बारीक केला.

"नऊ नावांत बायका किती?"

सभापतींनी कागद पाहिला. "दोन."

"समिती बाराची. निम्म्या बायका पायजेत. आणि सभापती, कागद काढणारं तुम्ही कोण? तुमचं पोरगं पिवळ्या गाडीतनं इंग्लिश मीडियमला जातंय. त्या सभेत तुमाला मत न्हाई."

पारावर पहिलं हसू तिथं फुटलं. आक्काचं म्हणणं शब्दशः खरं आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, आणि त्यात समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असले पाहिजेत. अध्यक्ष त्या पालकांतून निवडायचा. मुख्याध्यापक सचिव. एखादा ग्रामपंचायत सदस्य, एखादा शिक्षक, एखादा शिक्षणातला जाणकार, बास. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच समितीत शेतमजुरी करणाऱ्या आईच्या बाजूने एवढं बहुमत कायद्यानं लिहून दिलेलं मी पाहिलेलं नाही. आणि आपण ते बहुमत पाच मिनिटांत टाळ्या वाजवून सोडून देतो.

सभापती हार मानणारे नव्हेत. "आमचे आजोबा स्कूल बोर्डाचे मेंबर होते. घोड्यावरनं शाळा तपासाला जायचे. मास्तर उभे थरथर कापायचे! तेव्हा मेंबरला किंमत होती. आता ही समिती म्हणजे काय, बायकांनी सह्या करायच्या आणि खिचडी चाखायची."

"घोडं आजोबांचं होतं का पाटलाचं मागून आणलेलं?" बापूने विचारलं.

"विषय बदलू नकोस."

गुरुजी शांतपणे म्हणाले, "स्कूल बोर्डं गेली, 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, तेव्हापासून शाळेचा कारभार तिकडं. मेंबर लांब बसायला लागला, शाळा इथं राहिली. या समितीनं पहिल्यांदा अधिकार परत शाळेच्या दारात आणलाय. मी नोकरीत असताना ग्रामशिक्षण समिती होती, तिचं प्रोसिडिंग मीच घरी बसून लिहायचो. सगळ्यांच्या सह्या शिपाई फिरून आणायचा. मला आता त्याची लाज वाटते."

गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही.

मग बापू बोलला. कागदात त्याचंही नाव होतं आणि त्याला ते नको होतं. "मला न्हाई जमायचं बाबा. सकाळी पाचला दूध, संध्याकाळी दूध. महिन्याला मीटिंग. वर मुख्याध्यापक म्हणणार हितं सही करा, तितं सही करा. उद्या काय घोटाळा निघाला तर मी आत."

आक्का गाडी सोडून पाराजवळ आली. "बापू, डेअरीत तुझ्या म्हशीचं फॅट साडेसहाचं सहा-तीन लागलं की तू काय करतोस?"

"भांडतो की."

"पावती बघतोस, मशीन परत लावाय लावतोस, गेल्या आठवड्याच्या पावत्या काढतोस. आणि शाळेच्या कॅशबुकावर न बघता सही करणार? तुला हिशेब येतोय. तुला पोराचं फॅट मोजायचं न्हाई, एवढंच."

बापू गप्प. संभाने मोबाईल खिशात घातला, हे मी मुद्दाम नोंदवतो.

आक्काने स्वतःचंही सांगितलं. पहिले सहा महिने तिनेही न वाचता सह्या केल्या. मग एका बैठकीला ती लवकर गेली. "मी गेलो तर पोरांचे दोन प्रतिनिधी बाहेर उभे. मत नसतंय त्यास्नी, पण समितीत असतात. मी म्हटलं, आत या की. त्यातली सातवीतली पोरगी आत आली, उभी राहिली, आणि खाली बघून म्हणाली, मुलींच्या संडासाला आतनं कडी न्हाई. आम्ही दोघी दोघी जातो, एक दार धरायला."

पारावर कोणी बोलेना.

"दोन वर्षं कडी नव्हती. दोन वर्षं! त्या काळात समितीनं चार ठराव केले, सगळे अभिनंदनाचे. कडी चाळीस रुपयांची. त्याच दिवशी माझ्या नवऱ्यानं नेऊन बसवली. शाळेला वर्षाला पंचवीस हजाराचं अनुदान येतंय, आमच्याएवढ्या पटाला. त्यातनं कडी का न्हाई झाली? कारण कुणी विचारलंच न्हाई. सरांना वाईट म्हणत न्हाई मी. सर दिवसभर ॲपात माहिती भरालेत. विचारायचं काम आपलं."

माझी पोरगी त्याच संडासात जाते. मला ही कडीची गोष्ट काल पहिल्यांदा कळली. दोन पालक सभा झाल्या त्या काळात, दोन्हींना मी गेलो नव्हतो. पोरगी घरी एका शब्दाने बोलली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

गुरुजी म्हणाले, "शाहू महाराजांनी 1917 साली करवीरात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड."

"मग आता सभेला न येणाऱ्या बापाला लावा," आक्का म्हणाली. तिने बघितलं बापूकडे, पण लागलं मला.

आता खरा मुद्दा आला, गणवेशाचा. सभापतींच्या मेहुण्याचं तालुक्याला कापडाचं दुकान आहे, हे पारावर सगळ्यांना ठाऊक. 2024 ला राज्यभर एकच गणवेश आला तेव्हा समित्यांच्या हातून खरेदी गेली होती. आमच्या शाळेत गणवेश पंधरा ऑगस्ट होऊन गेल्यावर आले. पहिलीच्या पोरांना बाह्या कोपराखाली आणि सातवीच्या पोरांना शर्ट बेंबीवर. स्काउटच्या गणवेशाचं तर नुसतं कापड आलं, शिलाई शंभर रुपये. त्या पैशात गावातला एकही शिंपी मशीनला हात लावेना. शेवटी आक्काने आणि बचत गटातल्या तिघींनी रात्री बसून शिवले. त्या डिसेंबरात सरकारने निर्णय फिरवला आणि खरेदी परत समितीकडे आली. एका गणवेशाला तीनशे, दोन गणवेशांचे सहाशे, आमचा पट 64.

"अडतीस हजार चारशे," संभा म्हणाला. त्याने तोंडी केलं.

"म्हणून एकी पायजे व्हय सभापती?" बापूने विचारलं.

सभापती उभेच राहिले. "मेहुण्याचं नाव काढायचं काम न्हाई! मी शाळेसाठी काय कमी केलंय का? माझ्या वाढदिवसाला पोरांना अंडी कुणी दिली?"

हे दुखणं जुनं आहे. जानेवारी 2025 मध्ये पोषण आहारातल्या अंड्याचा आणि गोड पदार्थाचा राज्याचा पैसा थांबला. द्यायचं असेल तर समितीने लोकसहभागातून द्यावं, असं ठरलं. आमच्या समितीने घरोघर फिरून बुधवारची अंडी चालू ठेवली. सभापतींनी एका बुधवारचा खर्च उचलला, हे खरं.

"दिलीत की," आक्का म्हणाली. "अंडी चारशेची, बॅनर आठशेचा. बॅनरात कोंबडीपेक्षा तुमचा फोटो मोठा."

"आणि बाक?" बापूला आता जोर आला होता. "2019 च्या पुरात शाळेत छावणी होती. बाक बाहेर काढून ठेवले. पाणी उतरल्यावर तीन कमी भरले. दोन तालमीत सापडले. तिसरा कुठं हाय?"

सभापती पिंपळाकडे बघू लागले.

"तुमच्या गोठ्यात हाय! मी रोज दूध काढायला येतोय न्हवं. त्याच्यावर पेंडीची पोती हायत. बाकावर अजून कोरलंय, सातवी ब."

"ते मी... सुरक्षित ठेवलंय!"

गुरुजींनासुद्धा हसू आवरेना. संभा पारावर आडवा झाला. तालमीतली दोन पोरं काय झालं म्हणून बाहेर आली, त्यांना सांगितल्यावर तीही हसायला लागली. "सातवी ब मधी म्हस बसवलीया," एकजण म्हणाला, आणि मग कोणाचं कोणाला ऐकू येईना.

त्या गोंधळातच पिवळी गाडी आली. सभापतींचा मुलगा टाय लोंबकळत उतरला आणि सरळ पारावर आला. "पप्पा, उद्या शाळेत पेरेंट्स मीटिंग आहे. टीचरनी सांगितलंय, पप्पांनी यायचंच."

"मला टाइम न्हाई. मम्मीला सांग."

परत एकदा पार फुटला. सभापती पोराचं दप्तर उचलून तरातरा निघाले. कागद पारावरच राहिला. संभाने त्याची पुडी करून त्यात शेंगदाणे भरले.

हसणं ओसरल्यावर मी आक्काला विचारलं, परत उभी राहणार का. "राहणार. पण एकटी बोलून बोलून घसा बसलाय माझा. शेजारी बसून रजिस्टर वाचणारं कुणीतरी पायजे." मी म्हणालो, माझं नाव घे. हे मी पारावर सगळ्यांदेखत बोललो आणि इथेही लिहितो आहे, म्हणजे मागं फिरायला नको. सोमवारची रजा मी टाकली आहे.

आमच्या गल्लीतल्या आठ घरांची पोरं या शाळेत आहेत. आज सकाळी त्यांतल्या पाच घरी जाऊन आलो. तिघी आया येतो म्हणाल्या. एकीला भांगलणीची मजुरी बुडेल म्हणून जमत नाही. सभा अकराऐवजी सकाळी आठला घेता येईल का, ते उद्या सरांना विचारणार आहे. पाचव्या घरी कुलूप होतं.

काल शेवटी बापू किटली घेऊन उठला. आक्काच्या गाडीपाशी थांबला, चहाचे पैसे दिले, सुट्टे मोजून घेतले.

"सोमवारी किती वाजता म्हणालीस?"

"अकरा. चष्मा आण."

"आणि बाक?"

"ते सभापती रात्री आणून ठेवतील बघ," आक्का म्हणाली. "न्हाई ठेवलं तर पहिला ठराव त्याचा."